केसरचं सूत

१

सकाळी पेटी उघडायचं काम माझं. आई चूल पेटवायची, बापू तोंड धुऊन यायचे, तोवर मी बाहुल्या एकेक करून बाहेर काढायची आणि खेजडीच्या झाडाला बांधलेल्या दोरीवर उन्हात टांगायची. आधी राजा, मग त्याचे सरदार, मग घोडेस्वार, गारुडी, धोबी आणि त्याची बायको, सगळ्यात शेवटी नर्तकी. क्रम चुकला तर बापू रागवायचे नाहीत, नुसते खोकायचे. त्या खोकल्याची मला जेवढी भीती होती तेवढी आईच्या हाताचीही नव्हती.

आम्ही भाट, कठपुतळीवाले. नागौरकडे आमची घरं, पण घरात राहणं पावसाळ्यापुरतं. बाकीचं वर्ष उंटगाडी, ही पेटी आणि यजमान गावं, म्हणजे जिथे दर वर्षी आमच्याच घराचा खेळ होतो ती. गावात पोचलं की दोन खाटा उभ्या करायच्या, पुढे कमानींचा रंगीत पडदा, मागे काळा. काळ्या पडद्याआड पुरुष उभा राहतो. त्याच्या बोटात सूत, दातांत बोली. बोली म्हणजे बांबूची चपटी पिपाणी. बाहुल्या बोलतात त्या तिच्यातून. ती चिवचिव लोकांना काय कळणार. म्हणून पडद्यापुढे बाई बसते, ढोलक वाजवते आणि बाहुली काय म्हणाली ते लोकांना सांगते. बोट पुरुषाचं, तोंड बाईचं. मुलींनी सुताला हात लावायचा नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागत नसे. मी लावायची, दुपारी बापूंचा डोळा लागला की.

आज माझे केस पांढरे झालेत आणि बिरादरीतले सात पुरुष माझ्या हाताखाली सूत शिकलेत. म्हणून हे सांगताना मी कुणाला भीत नाही. तेव्हा मात्र मी चौदा वर्षांची होते आणि त्या उन्हाळ्यात बापूंच्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सुधारले, जीभ सुधारली. उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत राहिला.

त्याच वर्षी केसरही थकली. केसर म्हणजे आमची नर्तकी, आजोबांनी आंब्याच्या लाकडातून कोरलेली. तिच्या मानेला चीर गेली होती, त्यामुळे गिरकी घेण्याआधी ती जराशी डावीकडे झुकायची. लोकांना वाटायचं नखरा आहे. आमच्यात बाहुलीचा जुना घागरा काढत नाहीत, त्याच्यावरच नवा शिवतात. केसरच्या अंगावर नऊ घागरे होते. लाकडाने मान टाकली की बाहुली फेकायची नसते, पाण्याला द्यायची असते. गूळ-तांदूळ ठेवायचे, हात जोडायचे आणि सोडायची. जितका वेळ तरंगेल तितका देव प्रसन्न. पण सोडण्याआधी तिचं सूत सोडवायचं. सूत अंगावर आहे तोवर ती कामावर आहे, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दिवाळी झाल्यावर आम्ही बोरावाच्या तळ्याकाठी मुक्काम टाकला. खेळाला चार दिवस होते. बापू म्हणाले, केसरला मीच देणार. आम्हाला काठावर उभं करून ते गुडघाभर पाण्यात गेले, आमच्याकडे पाठ करून बराच वेळ वाकून होते. मग केसर निघाली. दिवस मावळेपर्यंत तरंगली आणि पलीकडच्या पाणगवतात शिरली. आईने आनंदाने माझ्या तोंडात गूळ कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली. सगळ्यात शेवटी गुलाब निघाली, आमची नवी नर्तकी, अजून एकदाही न नाचलेली. तिच्या घागऱ्याची किनार ओली होती.

२

पिळली तर दोन थेंब मातीत पडले. मारवाडात, कार्तिक महिन्यात, बंद पेटीत. तिच्या खाली पेटीची फळी होती, ती कोरडी. वर धोबीण होती, तीही कोरडी.

"तूच घागर हिंदकळली असशील," आई म्हणाली.

असेन, असं मीही मनाशी म्हटलं. दुसऱ्या रात्री घागर लांब ठेवली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घालून झोपले. सकाळी ओल किनारीवरून वर चढली होती आणि शिवणीत हिरव्या शेवाळाचा एक धागा अडकला होता.

"नवं लाकूड पाणी सोडतं," बापू म्हणाले.

लाकूड पाणी सोडतं, खरं आहे. शेवाळ सोडतं का, हे मी विचारलं नाही. बापूंनी घागरा बघितला, तळ्याकडे बघितलं आणि खोकले. माझा तर क्रम चुकला नव्हता.

त्याच दिवशी लिखमाकाका आला. बापूंचा चुलतभाऊ. बरोबर त्याचे दोन दांडगे मुलगे आणि स्वतःची पेटी.

"भाई, हात कसा आहे?"

"आहे."

"आहे ते दिसतंय. चालतो का?"

"बोरावाचा खेळ मी करतोय."

"कशाने, दातांनी?" काका खाटेवर ऐसपैस बसला. "बिरादरीचा नियम काही मी नाही केला. ज्या घरात सुताला हात नाही, त्या घराचं गाव पुढच्या भावाकडे जातं. खेळाच्या दुसऱ्या संध्याकाळी गावचा चौधरी मानाचा साफा बांधतो, तो सूत धरणाऱ्याच्या डोक्याला. ज्याला साफा, त्याचं गाव. लोंबत्या हाताला नाही बांधत कुणी."

"लिखमा, बाजरीची राबडी पिणार की नुसतंच बोलणार?" आई म्हणाली.

"पिणार ना, वहिनी."

दोन वाडगे पिऊन गेला. जाताना आमचा पडदा त्याने दोन बोटांत धरून बघितला, जणू आत्ताच त्याचा झाला होता. बोरावा आमचं सगळ्यात मोठं गाव, आजोबांनी कमावलेलं. ते गेलं असतं तर आई सडकेवर खडी फोडायला गेली असती आणि बापूंना लिखमाकाकाच्या उंटगाडीमागून चालावं लागलं असतं. आईने वाडगे फार जोरात घासले.

मग बापूंनी मला हाक मारली.

"सुगणी, चोरून सूत धरतेस ते कोणत्या हाताने?"

मी दोन्ही हात पाठीमागे नेले. "उजव्या."

"किती वर्षं?"

"चार."

"मला वाटलं तीन," बापू म्हणाले. "जा, गुलाबला घेऊन ये."

३

दोन दुपारी आम्ही खाटांच्या आडोशाला बसलो. सुताचा एक पदर बाहुलीच्या डोक्याला, दुसरा कमरेला, मधला वेढा आपल्या बोटात. सगळा खेळ त्या एका वेढ्यावर. बापू डाव्या हाताने हवेत दाखवायचे आणि मी करायची. राजा जमला, घोडा जमला. गुलाबची पाळी आली की सूत जड व्हायचं.

"नवी आहे, हलकी असायला हवी," बापू म्हणाले.

"जड आहे."

"बोट सैल सोड."

बोट सैल सोडलं आणि गुलाब नाचली. माझ्याहून बरी नाचली, मेली. गिरकी घेण्याआधी जराशी डावीकडे झुकली आणि मग घागरा असा फिरला की माझ्या तोंडावर वारा आला.

"हे तुला कुणी शिकवलं?" बापूंचा आवाज बदलला.

"मी नाही केलं. तिनंच केलं."

बापूंनी गुलाबला मांडीवर घेतलं. मानेवरून अंगठा फिरवला. मान सरळ, कुठे चीर नाही. त्यांनी तिला परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, भूक लागली असेल, जा.

भाकरी मोडताना मी बोट बघितलं. सुताचा वेढा बसतो तिथली कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. दिवसभर धुणं धुतल्यावर होते तशी. मी धुणं धुतलं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, घाम असेल. चौदाव्या वर्षी माणूस स्वतःला काहीही सांगू शकतं.

४

पहिल्या संध्याकाळी अख्खा बोरावा लोटला. कडुनिंबाला गॅसबत्ती टांगली होती. सगळ्यांत पुढे चौधरी हेमाराम, त्यांच्या शेजारी लिखमाकाका, नजर पडद्याच्या वरच्या काठावर. मी आधीच पडद्यांच्या गाठोड्याबरोबर आत शिरले होते. मग बापू सगळ्यांसमोरून रुबाबात आत आले, लोकांना वाटावं तेच नाचवतायत म्हणून. आईने ढोलकावर थाप दिली.

राजाचा दरबार रंगला. घोडेस्वार उलटासुलटा झाला तेव्हा म्हातारे हसून ठसकले. माझं भय गेलं. मला वाटलं, एवढंच होतं होय, हे तर मला येतं. मी गुलाबला खाली सोडलं.

कठपुतळीवाल्याला खेळात आपल्या बाहुलीचं तोंड कधी दिसत नाही. तो वरून बघतो. त्याला दिसतात नुसती डोकी, भांग, ओढणीची किनार. गुलाबचा भांग मीच लाल रंगवला होता. तो खाली फिरत होता, ढोलक चढत होतं आणि माझ्या बोटावर दुसरा वेढा पडला. पहिल्याच्या शेजारी. ओला.

मी खाली पाहिलं. दोन भांग होते.

एक लाल. दुसऱ्याचा रंग उडालेला, लाकूड पाण्याने काळं पडलेलं. खाली वाळूत घागऱ्याच्या किनारीने ओढलेलं ओलं वर्तुळ होतं, आणि त्याला लागून दुसरं. बाहेर लोक वाहवा करत होते. माझं बोट हलत होतं, पण ते मी हलवत नव्हते.

आमच्या बाहुलीचं डोकं आणि छाती एकाच लाकडात कोरलेली असतात. ती मान वर करू शकत नाही. ते दुसरं डोकं हळूहळू मागे कलू लागलं. कपाळ दिसलं. मग रंगवलेल्या डोळ्याचा कोपरा दिसला. मी डोळे गच्च मिटले. छातीत श्वास अडकला, बोली दातांत घट्ट धरली होती, तिच्यात फुंकर म्हणून नव्हती.

तरी बोली बोलली.

ढोलकाचा एक ठोका चुकला. मग पडद्यापुढून आईचा आवाज आला, खेळातला, खणखणीत.

"म्हणते, माझं सूत सोडा. दमली हो बिचारी नाचून."

लोक खदखदून हसले. दुसरा वेढा सैल पडला. मी गुलाबला वर ओढून घेतलं.

खेळ संपतो न संपतो तोच लिखमाकाकाने पडदा बाजूला केला. "बघा, चौधरी. भाईचा हात नाही हा. पोरगी आहे."

चौधरींनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी बापूंना विचारलं, "दुसरी कुणी नाचवली?"

"दुसरी?"

"दोघी एका वेळी नाचल्या आणि एकीचा पदर दुसरीला लागला नाही. बिरदाराम, तुझ्या बापानेही असं कधी दाखवलं नाही." मग माझ्याकडे वळले. "पोरगी की पोरगा, ते उद्या बघू. उद्या पुन्हा दोघींना नाचव. मग साफ्याचं ठरवतो."

लिखमाकाका खाटांच्या मागे वाकून बघत होता. तिथे एकटी गुलाब लोंबत होती. त्याने वाळूतली ती दोन वर्तुळं बघितली आणि मुलांना म्हणाला, चला रे.

५

चुलीपाशी बसल्यावर आईने विचारलं, "बोलीत ते काय म्हणालीस तू?"

"मी काहीच म्हणाले नाही."

"वीस वर्षं बोली ऐकतेय मी. सूत सोडा म्हणाली, स्पष्ट."

"आई, माझा श्वासच चालत नव्हता."

बापू भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. तो त्यांनी ताटात ठेवला.

"केसरचं सूत मी सोडवलं नाही," ते म्हणाले. "एका हाताने गाठ सुटेना. बाबांची गाठ, तीन वेढ्यांची. तुम्ही दोघी काठावर उभ्या होतात. मी तशीच सोडली तिला."

"मला हाक मारायची होतीत," आई म्हणाली.

"तेच जमलं नाही. लाज वाटली."

मग बापू माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्याचा खेळ होऊन जाऊ दे. चौधरीला दोघी हव्यात. साफा बांधला की परवा सोडवू." आई गप्प राहिली. तिचं गप्प राहणं म्हणजे होकार, हे मला कळायचं. आणि त्यांचं काय चुकत होतं? गाव जाणार होतं.

"नाही," मी म्हणाले. "उद्या ती पूर्ण वर बघेल."

"सुगणी…"

"आणि नाचणार ती, वाहवा तिची, मग साफा माझ्या डोक्याला कशाला? तिलाच बांधा." माझा आवाज चढला होता. "चार वर्षं चोरून शिकलेय मी. मला माझा साफा हवाय."

बापू खोकले. जन्मात पहिल्यांदा मला त्या खोकल्याची भीती वाटली नाही.

६

सकाळी आम्ही तिघं तळ्याच्या पलीकडच्या काठाला गेलो. बापू काठावरून सांगत होते, आधी कमरेची गाठ सोडव, मग डोक्याची, आणि खाली बघू नकोस. ते सांगायची गरज नव्हती. मी पाणगवतापर्यंत कमरेइतक्या पाण्यात गेले. शोधावं लागलं नाही. बोट आपणहून तिकडे ओढलं जात होतं.

आईकडे तोंड करून मी हात पाण्यात घातला. सूत लागलं. त्याला धरून खाली गेले. घागरे लागले, एकाखाली एक, नऊच्या नऊ, माझ्या मनगटाभोवती सावकाश फिरत होते. तळ्याचं पाणी हलत नव्हतं. कमरेची गाठ फुगून घट्ट झाली होती. नखं मोडली, पण एक वेढा सुटला, मग दुसरा, मग तिसरा.

डोक्याच्या गाठीसाठी डाव्या हाताने डोकं धरावं लागलं.

केसरला केस नव्हते. आजोबांनी तिच्या डोक्याला काळा रंग दिला होता, तोही कधीच उडाला होता. माझ्या तळव्याखाली केस होते. ओले, दाट, बाईचे असतात तसे. एवढंच सांगते. पुढचं मला माहीत नाही, कारण मी आईच्या तोंडावरून नजर हलवली नाही आणि आईनेही माझ्या तोंडावरून हलवली नाही.

"गाठ, पोरी, गाठ बघ," बापू म्हणाले.

गाठ सुटली. माझ्या बोटाला कशाने तरी क्षणभर धरलं, मग सोडलं. मी म्हणाले, "जा बाई. तुझा खेळ झाला."

लाकूड वर आलं, पालथं. वारा आमच्याकडे वाहत होता. ते वाऱ्याच्या उलट चाललं, तळ्याच्या मधोमध, आणि दिसेनासं होईपर्यंत सरळ गेलं. मी बाहेर आले आणि सूत बापूंच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं.

परत येऊन पेटी उघडली. गुलाबचा घागरा खडखडीत कोरडा होता.

७

दुसऱ्या संध्याकाळी मी लपले नाही. सगळ्यांसमोरून पडद्याआड गेले. बापू आईशेजारी थाळी घेऊन बसले, डाव्या हाताने ताल धरायला. लिखमाकाकाचे मुलगे आपली पेटी घेऊनच आले होते.

गुलाबला खाली सोडलं. सूत हलकं होतं. इतकं हलकं की खाली काही आहे की नाही कळेना. पहिली गिरकी फसली, घागरा पायाशी गुंडाळला गेला. पायाशी म्हणजे काय, पाय कुठे असतात तिला. लोक हसले.

"दुसरी कुठाय?" कुणीतरी ओरडलं.

मला त्या क्षणी केसर हवी होती, खोटं कशाला सांगू. मी खाली बघितलं. एकच भांग, लाल, माझ्या हातचा. मग मी दात घट्ट केले आणि बोलीत फुंकर मारली. गुलाब म्हणाली, दुसरी घरी गेली, आता माझी पाळी. आईने ते लोकांना सांगितलं आणि वर स्वतःचं जोडलं, "हिला एकटीला बघणं तरी झेपतंय का ते बघा आधी."

ढोलक पेटलं. मी मनगट डावीकडे झुकवलं. मी, माझ्या मनगटाने. गुलाब झुकली, क्षणभर तशीच थांबली, आणि फिरली. एक गिरकी, तीन, सात. माझ्या अंगात आनंद मावेना. मागे वळली, ठुमकली, चौधरींसमोर वाकून त्यांच्या मिशीकडे हात उडवून आली. बायका ओढण्या तोंडात धरून हसत होत्या. थाळीचा ताल चुकू लागला होता, कारण बापू वाजवायचं सोडून बघत बसले होते. वाळूत ओल नव्हती, नुसती धूळ उडत होती.

खेळ संपला तेव्हा चौधरी उठले.

"काल दोघी होत्या," ते म्हणाले. "आज एकच होती, आणि मला दुसरीची आठवण झाली नाही."

त्यांनी मला पुढे बोलावलं आणि केशरी साफा माझ्या डोक्याला बांधला. तो कानांवरून खाली घसरला. बापू सगळ्या गावासमोर रडले आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

"मोठा होतोय तिला," लिखमाकाका म्हणाला.

"डोकं वाढेल की," आई म्हणाली. "राबडी घेणार, लिखमा?"

बोरावा अजून आमचं आहे. तो साफा आता मला बरोबर बसतो. पाण्याला द्यायच्या प्रत्येक बाहुलीचं सूत मी स्वतः सोडवते आणि हात वर करून सगळ्यांना दाखवते. लोकांना वाटतं ही आमची जुनी रीत आहे. वर्षातून एखाद्या दुपारी त्या बोटाची कातडी उगाच सुरकुतते, तेव्हा मी ते पदराला पुसते आणि कामाला लागते.

माझी नात धापू आता सूत धरते, उघड, सगळ्यांदेखत. तिला मी सांगून ठेवलंय, मी गेले की मला न्यायच्या आधी माझ्या बोटातला वेढा सोडव. दिसला नाही तरी चाचपून बघ.

"आणि गाठ सुटलीच नाही तर?" तिने विचारलं.

"तर तुझ्या आईला हाक मार," मी म्हटलं. "लाजू नकोस."